नभोवाणीचा अनामिक श्रोता

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी एक छोटे यंत्र आले. आकाराने जेवणाच्या डब्याएवढे, वर फिरवायचे एकच बटण, पुढे दोन बोटांएवढा पडदा आणि आत पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी बॅटरी. हा इंटरनेट रेडिओ. हातात धरून कुठेही नेता येतो म्हणून ‘पोर्टेबल’. तो आणण्याचे कारण आई. दृष्टी अधू झाल्यापासून तिचे वाचन थांबले आणि आकाशवाणीचे पुणे केंद्र हीच तिची सकाळ-संध्याकाळची सोबत उरली. परंतु आमच्या साताऱ्याच्या सदनिकेत वडिलांच्या जुन्या ट्रान्झिस्टरवर ७९२ किलोहर्ट्झ लावावे, तर निवेदिकेच्या आवाजाआधी एलईडी दिव्यांची आणि मोबाइलच्या चार्जरांची खरखरच ऐकू यावी, अशी गेल्या काही वर्षांतली स्थिती. म्हणून हा नवा प्रयोग.

यंत्र बोलते करण्यास आम्हा मायलेकींना पाऊण तास लागला. वाय-फायचा सांकेतिक शब्द त्या एकुलत्या एका बटणाने, अक्षरागणिक गोल गोल फिरवत भरावा लागला. तो भरून झाल्यावर नोंदणीसाठी यंत्राने नाव आणि ई-मेलचा पत्ता मागितला. मी चष्मा सारखा करून ती अक्षरे वाचून दाखवत होते, तेव्हा आई म्हणाली, “अगं, रेडिओ ऐकायला नाव कशाला सांगायचं?” मी तो प्रश्न हसण्यावारी नेला. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत मात्र तो माझ्या मनातून जाईना. नभोवाणीच्या शंभर वर्षांच्या इतिहासातला एक मोठा पालट त्या साध्या वाक्यात सामावलेला आहे, असे मला वाटू लागले. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचा शोध आहे.

प्रथम यंत्राचे गुण सांगितले पाहिजेत. पुणे केंद्र लावले आणि खोलीत निवेदिकेचा आवाज इतका निर्मळ उमटला, की आई क्षणभर दचकली. मागे खरखर नाही, आवाजाचे चढउतार नाहीत. नागपूर तितकेच स्वच्छ, पणजी तितकीच स्वच्छ. अंतर नावाची गोष्टच नाहीशी झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र एक गंमत झाली. बातम्यांपूर्वी वेळेचे ठोके पडतात, त्यांवर हातातले घड्याळ लावण्याची आईची जवळजवळ पन्नास वर्षांची सवय. तिने घड्याळ लावले आणि दिवसभर ते मागे आहे अशी तिची तक्रार सुरू झाली. तिसऱ्या दिवशी मी मोबाइलवरच्या वेळेशी ठोके ताडून पाहिले. शेवटचा ठोका ३८ सेकंद उशिरा पडला. त्याच्या दुसऱ्या दिवशी २४ सेकंद. मग उत्सुकतेने स्वयंपाकघरात मोबाइलवरही तेच केंद्र लावून पाहिले, तर एकच निवेदिका दोन खोल्यांत मागेपुढे बोलू लागली. घर एक, केंद्र एक आणि ‘आत्ता’ मात्र दोन!

याचे तांत्रिक कारण साधे आहे. नभोवाणीचा मनोरा लहरी सोडतो आणि त्या प्रकाशाच्या वेगाने जातात. साताऱ्याला पोहोचण्यास त्यांना सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. इंटरनेटवर मात्र ध्वनीचे आधी बारीक तुकडे होतात, ते दाबून लहान केले जातात, अनेक टप्प्यांवरून प्रवास करतात आणि मध्ये खंड पडू नये म्हणून आपले यंत्र काही सेकंदांचा साठा हाताशी ठेवूनच बोलू लागते. हा साठा ज्याचा त्याचा वेगळा. म्हणून प्रत्येकाचा उशीरही वेगळा.

परंतु उशिरापेक्षा महत्त्वाचा भेद दुसराच आहे. मनोऱ्याच्या लहरी सर्वांसाठी एकदाच निघतात. त्या कोणी ऐकल्या, किती जणांनी ऐकल्या हे मनोऱ्याला कळण्याचा मार्गच नसतो. शंभर श्रोते असोत की एक कोटी, त्याचा खर्च तितकाच. इंटरनेटवर साधारणपणे प्रत्येक श्रोत्यासाठी स्वतंत्र धारा सोडावी लागते आणि ती मिळण्यासाठी श्रोत्याच्या यंत्राने आधी मागणी नोंदवावी लागते: मी अमुक पत्त्यावर आहे, मला अमुक केंद्र हवे आहे. म्हणजे इथे ऐकण्याच्या आधी सांगावे लागते. आईचा प्रश्न नेमका या जागी येऊन थांबतो.

आपल्या परंपरेत ‘श्रोता’ हा शब्द फार जुना आणि फार जवळचा. कीर्तनातला, प्रवचनातला श्रोता वक्त्याच्या समोर बसलेला असतो. ज्ञानेश्वरीत तर त्याच्याशी संवाद चालतो, त्याचे अवधान मागितले जाते. हा श्रोता दिसतो आणि त्याची मान डोलते की झोपेने कलते, हेही दिसते. विसाव्या शतकातल्या नभोवाणीने इतिहासात प्रथमच असा श्रोता निर्माण केला, की जो वक्त्याला दिसत नाही, मोजता येत नाही आणि तरीही त्याच क्षणी तिथे हजर असतो. या अनामिक श्रोत्याचा इतिहास नभोवाणीच्या ग्रंथांत सहसा येत नाही. तिथे केंद्रे, अधिकारी आणि कार्यक्रम येतात. श्रोता येतो तो आकड्यांच्या रूपाने, आणि ते आकडेही बहुधा परवान्यांचे.

परवाना हा त्या कथेचा आरंभच होय. मुंबईच्या रेडिओ क्लबने जून १९२३ मध्ये हौशी प्रक्षेपण सुरू केले. पुढे २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. दीड किलोवॅट शक्तीचे ते केंद्र सुमारे तीस मैलांच्या परिसरात नीट ऐकू येई. श्रोत्याने वर्षाला दहा रुपयांचा परवाना घ्यायचा आणि त्यातला मोठा वाटा कंपनीला मिळायचा, अशी योजना होती. १९२९ अखेर साऱ्या देशातले परवाने आठ हजारांच्याही आत होते आणि मार्च १९३० मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. परवाना न घेताच ऐकणारे बरेच होते. पण त्यांना पकडणार कसे? लहरी तर घराघरांत, माळ्यामाळ्यांवर आपोआप शिरत होत्या. अखेर सरकारने १९३३ मध्ये बिनतारी संदेशवहनाचा कायदा करून परवान्याविना यंत्र बाळगणे हाच गुन्हा ठरवला. कायद्याने पकडली ती वस्तू. ऐकणे त्याच्या कक्षेत येऊ शकले नाही.

आमच्या वडिलांच्या ट्रंकेत त्यांच्या रेडिओच्या परवान्याचे पुस्तक अजून आहे. पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे, शिक्का मारून आणायचा. १९८०च्या दशकात ही परवान्याची पद्धत संपली. त्या पुस्तकात यंत्राची नोंद आहे, घराचा पत्ता आहे आणि वर्षांची रांग आहे. वडील त्या यंत्रावर काय ऐकत होते, याचे एक अक्षरही त्यात नाही.

या न-नोंदीचे मोल १९४२ मध्ये कळले. ऑगस्टमध्ये नेते तुरुंगात गेले आणि वृत्तपत्रांवर निर्बंध आले, तेव्हा उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर त्याचा आवाज उमटला. जागा बदलत बदलत तो नोव्हेंबरच्या १२ तारखेपर्यंत टिकला. त्या दिवशी पोलिसांनी छापा घातला. इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. प्रक्षेपकाचा माग काढता येत होता, कारण लहरी कोणत्या दिशेने येतात हे मोजता येते. श्रोत्याचा माग मात्र काढता येत नव्हता, कारण त्याच्याकडून काहीच बाहेर जात नव्हते. खटला बोलणाऱ्यांवर भरता आला, ऐकणाऱ्यांवर नाही.

त्याच वर्षी जर्मनीतून सुभाषचंद्र बोस यांचा आवाज भारतात येत होता आणि त्याला उत्तर म्हणून लंडनहून बीबीसीचा पौर्वात्य विभाग बोलत होता. या विभागात ऑगस्ट १९४१ ते नोव्हेंबर १९४३ या काळात जॉर्ज ऑर्वेल नोकरीस होते. त्यांनी लिहिलेली युद्धवार्तेची संहिता मराठीसह काही भारतीय भाषांत उतरवून प्रक्षेपित होत असे. मराठी कादंबरी-वाचकांना अपरिचित राहिलेल्या, पण १९५० मध्ये ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी लिहिणाऱ्या वेणू चितळे याच विभागात काम करत होत्या. आपण बोलतो ते भारतात कोणी ऐकते तरी का, ही शंका ऑर्वेलना सतत छळत राहिली आणि आपली मेहनत वाया जाते आहे असे म्हणूनच त्यांनी ती नोकरी सोडली. अनामिक श्रोत्याची ही दुसरी बाजू. सत्तेला तो सापडत नाही; पण तळमळीने बोलणाऱ्या लेखकालाही तो सापडत नाही.

स्वातंत्र्यानंतर हाच श्रोता आपल्या सरकारलाही भेटला. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. अभिजात संगीताला नभोवाणीवर मानाचे स्थान देणारे हे सुसंस्कृत मराठी गृहस्थ चित्रपटसंगीताला मात्र अनुकूल नव्हते. आकाशवाणीवर चित्रपटगीते आटली आणि श्रोत्यांनी कोणताही मोर्चा न काढता निव्वळ बटण फिरवून रेडिओ सिलोन लावले. त्याच वर्षी तिथे सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ अमीन सयानी यांच्या आवाजाने घरोघर पोहोचली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. कोण, कुठे, किती वेळ सिलोन ऐकतो, याची एकही नोंद सरकारदरबारी नव्हती; तरीही हे मतदान झाले आणि त्याचा निकालही लागला.

मग सिलोनला आपले श्रोते कळत कसे? पत्रांतून. फर्माइशीच्या पत्रांत श्रोता स्वतःचे नाव, गावाचे नाव, कुटुंबातल्या सगळ्यांची नावे हौसेने लिहीत असे. झुमरीतलैया हे बिहारमधले (आता झारखंडमधले) गाव साऱ्या देशाला ठाऊक झाले ते अशा पत्रांमुळे. या नाव सांगण्यात एक आनंद होता, कारण ते ऐच्छिक होते. पत्र न धाडणाऱ्यालाही तेच गाणे ऐकायला मिळे. नाव सांगणे ही ऐकण्याची अट नव्हती. ऐकण्यातून झालेल्या स्नेहाची ती पोचपावती होती.

अनामिकतेच्या जोडीला समक्षणिकता होती. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि पुढच्या रामनवमीपर्यंत, १९ एप्रिल १९५६ पर्यंत, त्याची ५६ गीते प्रसारित झाली. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांचे संगीत यांविषयी नव्याने काय सांगावे? आई तेव्हा पाच वर्षांची होती. आजीने रेडिओच्या पेटीसमोर उदबत्ती लावलेली आणि शेजारच्या चार बायका पदर सावरून बसलेल्या, एवढेच तिला आठवते. ‘पेठेतून चालत जावं, तर गाणं कुठे तुटायचं नाही,’ असे ती सांगते. हे वाक्य अनेक घरांतल्या वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकलेले आहे, इतके की ते आता स्मरणरंजनाचा भाग झाले आहे. तरीही त्यात एक काटेकोर तांत्रिक सत्य आहे. गाणे तुटत नसे, कारण प्रत्येक खिडकीतून येणारा शब्द त्याच क्षणीचा असे. बेनेडिक्ट अँडरसन यांनी ‘इमॅजिन्ड कम्युनिटीज’ (१९८३) या ग्रंथात, एकमेकांना न ओळखणारी माणसे एकाच दिवशी तेच वृत्तपत्र वाचतात आणि त्यातून समूहाची जाणीव घडते, असे प्रतिपादन केले. नभोवाणीने हा ‘एकच दिवस’ आकुंचित करून ‘एकच क्षण’ केला. आज त्याच पेठेत चार घरी चार इंटरनेट रेडिओ लावले, तर गाणे प्रत्येक दारात काही ओळी मागेपुढे ऐकू येईल.

यानंतर आला ट्रान्झिस्टर. १९५४ मध्ये अमेरिकेत पहिला व्यापारी ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला आणि पुढच्या दोन दशकांत आपल्याकडे पेटी माजघरातून बांधावर, गोठ्यात, सायकलच्या दांडीवर गेली. ‘पोर्टेबल’ या शब्दाचा खरा अर्थ तेव्हा कळला: वीज नको, तार नको, कोणाची परवानगी नको. दोन सेल घातले की जिथे तुम्ही तिथे रेडिओ.

इंटरनेट रेडिओचा इतिहास याच्या तुलनेत लहान, पण बोलका आहे. १९९३ मध्ये कार्ल मालमुद यांनी ‘इंटरनेट टॉक रेडिओ’ चालवून पाया घातला. ७ नोव्हेंबर १९९४ रोजी अमेरिकेतल्या चॅपेल हिल येथील डब्ल्यूएक्सवायसी या विद्यार्थी-केंद्राने आपले प्रसारण इंटरनेटवर सोडले आणि १९९५ मध्ये रिअलऑडिओ आल्यावर घरच्या संगणकावर ते ऐकणे सुलभ झाले. संगणकाविना चालणारा स्वतंत्र इंटरनेट रेडिओ करण्याचा ‘कर्बँगो’ हा गाजलेला प्रयत्न थ्रीकॉम या कंपनीने २००० मध्ये विकत घेतला आणि २००१ मध्ये गुंडाळून टाकला. पुढे वाय-फायवर चालणारे संच आले. त्यांना जगभरच्या केंद्रांचे पत्ते सांगणारी एक मध्यवर्ती सूची लागते. ‘रेसिव्हा’ ही अशीच एक सूची. ती ३० एप्रिल २०२१ रोजी बंद झाली आणि तिच्यावर विसंबलेले, अंगाने धडधाकट असलेले कितीतरी संच त्यांचे मुख्य काम करीनासे झाले. वडिलांचा ट्रान्झिस्टर ज्या कारखान्यात झाला तो उद्या राहिला नाही, तरी ट्रान्झिस्टर बोलत राहील. नव्या संचाच्या बाबतीत हे म्हणता येत नाही. तो आपल्या मालकीचा असतो, पण त्याचे बोलणे दुसऱ्याच्या हाती असते.

बर्टोल्ट ब्रेख्त यांनी १९३२ मध्ये नभोवाणीवर केलेला आक्षेप साहित्याच्या अभ्यासकांना परिचित असेल. हे यंत्र केवळ वाटप करते. त्याने संवाद साधला पाहिजे, श्रोत्याला ऐकण्याबरोबर बोलताही आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आज ती मागणी विचित्र रीतीने पूर्ण झाली आहे. नवा रेडिओ खरोखरच दोन्ही दिशांनी काम करतो. परंतु परत जातो तो श्रोत्याचा विचार नव्हे. जातो त्याचा पत्ता, त्याने कोणते केंद्र किती वाजता लावले आणि कधी बंद केले हा तपशील. इथे पुन्हा ऑर्वेल आठवतात. न सापडणाऱ्या भारतीय श्रोत्यांसाठी दोन वर्षे बोलून थकलेल्या या लेखकाने १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नाइन्टीन एटी-फोर’मध्ये असे यंत्र कल्पिले, की जे घरात बोलते आणि त्याच वेळी घरातले ऐकतेही. आमचा डब्याएवढा संच काही तो टेलिस्क्रीन नाही. त्याला आमचे बोलणे ऐकू येत नाही आणि बटण दाबले की तो मुकाट्याने बंद होतो. तथापि प्रवाहाची दिशा बदलली आहे, एवढे मान्य करावे लागते. १९४२ मधला श्रोता निर्भय होता तो शूर असल्यामुळेच नव्हे, तर त्याच्या यंत्राला मागे बोलता येत नव्हते म्हणूनही.

याचा अर्थ जुने ते सारे चांगले, असा नव्हे. जुनी अनामिकता सर्वांना सारखी मिळत नव्हती. रेडिओ घेणेच ज्यांना परवडत नव्हते, त्यांना ती कुठली? शिवाय लहरींची जागा मर्यादित, म्हणून कोणी बोलायचे हे सरकार ठरवी. इंटरनेटवर केंद्र काढण्यास मनोरा लागत नाही. आणि परदेशी गेलेल्या मराठी माणसाला पुणे केंद्राच्या मध्यम लहरी कधीच ऐकू आल्या नसत्या. माझी धाकटी बहीण टोरांटोला असते. आता ती तिच्या रात्री आमच्या सकाळच्या बातम्या ऐकते आणि फोनवर आईशी त्यांच्याबद्दल बोलते. हा लाभ मी कमी लेखणार नाही. माझे म्हणणे इतकेच, की या लाभाची किंमत आपण ज्या नाण्यात देतो त्याची गणना झाली पाहिजे. त्यातही साहित्याच्या माणसांनी ती अवश्य करावी. वाचन आणि श्रवण या दोन्ही क्रियांत, आपण काय घेतो हे कोणाला सांगावे न लागणे, यावर मनाचे स्वातंत्र्य पुष्कळसे अवलंबून असते. ग्रंथालयाच्या खातेवहीत नोंद होत होती; पण कोणत्या पानावर आपण थांबलो, कोणते पान दोनदा वाचले, हे त्या वहीला ठाऊक नव्हते.

मागच्या आठवड्यात आमच्या भागातली वीज तीन तास गेली. नव्या रेडिओची बॅटरी पूर्ण भरलेली होती, तरीही तो गप्प झाला, कारण कोपऱ्यातला वाय-फायचा डबा विजेवाचून मेला होता. पोर्टेबल खरा, पण वाय-फायच्या कुंपणापुरता. गच्चीच्या जिन्यातही त्याचा आवाज तुटतो, हे आम्ही आधीच पाहिले होते. मी मोबाइल जोडून द्यायला निघाले, तर आई म्हणाली, “राहू दे, बाबांचा आण.” कपाटातून ट्रान्झिस्टर काढला, नवे सेल घातले. दिवे आणि चार्जर बंद असल्यामुळे घराची खरखरही बंद होती. कित्येक वर्षांनी पुणे केंद्र त्याच्यावर स्वच्छ लागले.

वीज आल्यावर खरखर पुन्हा सुरू झाली आणि आईने आपणहून नवा संच लावायला सांगितला. दिवसभर तोच चालू असतो. सकाळी बातम्यांच्या आधी मात्र ती ट्रान्झिस्टर कानाशी धरते, खरखरीतून ठोके मोजते आणि घड्याळ लावून तो बाजूला ठेवते. मग नव्या रेडिओवर अर्ध्या मिनिटाने तेच ठोके पुन्हा पडतात.